मृत रेषेचे मानकरी

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकच गोष्ट सिद्ध केली, आणि तीही चुकीची निघाली. एवढं सांगून मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण या संस्थेत गप्प बसणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की मला त्या प्रकाराची शिसारी आली आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संस्थेत ते ‘सर’. बाकीच्या सरांना आडनावं लागतात, यांना लागत नाही. मी त्याच संस्थेचं संगणक केंद्र सांभाळतो, म्हणजे तळघरातल्या गारठलेल्या खोलीत बाराही महिने स्वेटर घालून बसतो आणि वरच्या मजल्यांवरच्या विद्वानांची आकडेमोड यंत्रांवर चढवतो. कधीकाळी मीही याच विषयात पदवी घेतली आहे, त्यामुळे ते काय बोलतात ते मला कळतं. भाऊजींना हे पहिल्यापासून खटकत आलं आहे. काही न कळणारा मेव्हणा त्यांना जास्त सोयीचा पडला असता.

विषय तसा अवघड नाही. अवघड करून सांगितला की मान मिळतो, म्हणून तो अवघड. काही धातू खूप थंड केले की त्यांतून वीज कसल्याही अडथळ्याविना वाहते. याला अतिवाहकता म्हणतात. धातूच्या एखाद्या लांबट पट्टीत ती कुठे किती जिवंत आहे, हे एका समीकरणाने मांडता येतं. पण खरी पट्टी शांत नसते. उष्णतेमुळे तिला सतत बारीक धक्के बसत असतात, कधीही आणि कसेही. म्हणून समीकरणातही तसेच धक्के घालतात. मग पुढच्या क्षणी काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण फार काळ लोटल्यावर सरासरीने काय दिसेल ते सांगता येतं. पुढचं दान काय पडेल ते कळत नाही, पण दिवसभर फासे टाकत बसलं तर सरासरी कळते, तसंच हे.

पट्टीवरचा कुठलाही आकार लहानमोठ्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो, आणि लाटांना क्रमांक असतात. सगळ्या लाटांना धक्के दिले, तर पट्टी हळूहळू आपली सुरुवात विसरते आणि सरासरी एकच येते, हे भाऊजींच्या आधीच कुणीतरी सिद्ध केलं होतं. भाऊजींची करामत पुढची. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना धक्के द्यायची गरजच नाही. पहिल्या आणि तिसऱ्या लाटेला दिले तरी पुरे. समीकरण स्वतःच तो धक्का बाकीच्या सगळ्या लाटांपर्यंत पोचवतं. या प्रमेयावर त्यांना खुर्ची मिळाली, मोठी खोली मिळाली, खिडकीबाहेर झाड मिळालं, आणि उभ्या जन्मात दुसरं काही करायची गरज उरली नाही.

त्यातूनच ती सुप्रसिद्ध मृत रेषा निघाली. भाऊजींच्या पद्धतीने धक्के दिले की पट्टीच्या बरोबर मध्यावर अतिवाहकता कायम शून्य. डावीकडे जीव, उजवीकडे जीव, मध्ये मढं. लोकांना हे फार गूढ वाटलं. भाऊजींच्या विद्यार्थ्यांनी रेषेच्या रुंदीवर प्रबंध लिहिले, रेषेच्या काठांवर लिहिले, रेषा तापमानाने कशी बदलते यावर लिहिले. विभागाच्या चहाच्या मगांवरसुद्धा दोन उंचवटे आणि मधली रेघ छापली आहे. मी माझा मग पेनं ठेवायला वापरतो.

या सगळ्या आकडेमोडीला विभागाचा एक नियम होता: सुरुवात शून्यापासून. पट्टीवर कुठे काहीच नाही अशी कल्पना करायची आणि तिथून धक्के सुरू करायचे. “शून्य निष्पक्ष असतं,” भाऊजी म्हणायचे, आणि समोरची पोरं माना डोलवायची. त्यांच्या प्रोग्रॅमची पहिलीच ओळ ती होती. ती बदलायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कुणी बदलली नाही. डोकी गहाण ठेवण्याबद्दल पदव्या देणारा दुसरा विभाग माझ्या पाहण्यात नाही.

भाऊजींची मुलगी, माझी भाची, हिला घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत नेताना सापडायची म्हणून. ती याच विभागात पीएचडीला लागली. बापाने मुलीचा मार्गदर्शक व्हायचं नाही असा नियम आहे, म्हणून भाऊजींनी तिला आपल्या सर्वांत जुन्या विद्यार्थ्याकडे दिलं. त्याला मी होयबा म्हणतो. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला माहीत आहे. हा मनुष्य ‘सरांना विचारून सांगतो’ याच्यापुढे कधी गेलेला नाही. चहा घेणार का विचारलं तरी क्षणभर सरांच्या दाराकडे बघतो. मुंगीचा विषय अर्थातच भाऊजींनी ठरवला. विषय काय, तर मृत रेषा. वेगवेगळ्या धक्क्यांनी ती किती हलते ते बघायचं. थोडक्यात, मढ्याची उंची पुन्हा मोजायची.

मुंगी उतावळी आहे, हा तिच्या आईकडचा गुण. शून्यापासून सुरू केलं की पट्टी तापायला, म्हणजे सरासरी स्थिरावायला, फार वेळ जातो. ती तळघरात माझ्या शेजारी बसून कंटाळली आणि तिने सगळ्या लाटांना धक्के दिलेल्या कुठल्या तरी जुन्या गणिताची शेवटची स्थिती उचलली. तापलेली, चालती पट्टी होती. तीच सुरुवात म्हणून घातली. तसाही भाऊजींचा सिद्धांत होताच की, सुरुवात कशीही असो, सरासरी एकच! मग काय बिघडलं?

बिघडलं असं, की मध्यावर जीव आला. चांगला धडधडीत जीव. मृत रेषेचा पत्ताच नाही.

“मामा, यंत्रात काही बिघाड आहे का?” तिने विचारलं.

“माझ्या यंत्रात बिघाड नसतो,” मी म्हणालो. “बिघाड वरून येतो.”

जेवताना तिने बापाला सांगितलं. मी तिथेच होतो. भाऊजींनी घास संपवला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, “अजून चालव. विसरायला वेळ लागतो.”

तिने अजून चालवलं. जीव होता तसाच. बापाचं उत्तरही तेच, “अजून चालव.” तिने माझ्याकडून रात्रंदिवस यंत्रं मागून घेतली, बाकीचे विद्वान माझ्या नावाने बोटं मोडायला लागले, तरी रेषा काही मरेना. भाऊजी आपले शांत, “अजून चालव.”

आणि यात खरी मेख आहे, जी गणित्यांनाच सुचू शकते. भाऊजींच्या प्रमेयात ‘कधी’ हा शब्दच नाही. पुरेसा काळ गेल्यावर पट्टी सुरुवात विसरेल, एवढंच. पुरेसा म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. म्हणजे तुम्ही यंत्र म्हातारं होईपर्यंत चालवा, स्वतः म्हातारे व्हा, भाऊजी तुम्हाला म्हणू शकतात की तुम्ही घाई केलीत. इतका सुरक्षित माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या बहिणीच्या संसारातही त्यांनी हेच केलं. तिला नोकरी करायची होती, तेव्हा थोडं थांब. तिला घर बदलायचं होतं, तेव्हाही थोडं थांब. ताई थांबली. अजून थांबलेलीच आहे.

मुंगी मात्र थांबली नाही. तिने यंत्रं बंद केली आणि बापाचं प्रमेय कागदावर ओळ न् ओळ वाचायला घेतलं. माझ्याच टेबलावर, माझंच जुनं स्वेटर घालून. एक दिवस ती उठून उभी राहिली आणि भलत्याच शांत आवाजात म्हणाली, “मामा, तीन विषम संख्यांची बेरीज कशी येते?”

“विषम.”

“कायम?”

“शाळेत तरी कायम यायची.”

तिने पान माझ्यापुढे सरकवलं. समीकरण लाटांची भेसळ करतं ते तीन-तीन लाटा एकत्र घेऊन, आणि नव्या लाटेचा क्रमांक त्या तिघींच्या बेरीज-वजाबाकीतून ठरतो. पहिल्या आणि तिसऱ्या लाटेला धक्का दिला की पाचवी हलते, सातवी हलते, नववी हलते. भाऊजींनी पाचवीचं गणित पूर्ण करून दाखवलं होतं. सातवीचंही. पुढे लिहिलं होतं: ‘त्याचप्रमाणे उरलेल्या सर्व लाटा.’ पण विषम, विषम आणि विषम मिळवा नाहीतर वजा करा, सम कधीच येत नाही. सम क्रमांकाच्या लाटांना बाहेरून धक्का पोचतच नाही. त्या शून्यापासून सुरू झाल्या तर जगाच्या अंतापर्यंत शून्यच राहणार. आणि टोकं मोकळी असलेल्या पट्टीत विषम लाटांची तऱ्हा अशी, की त्या मध्यावर नेहमी शून्य असतात. मृत रेषा ही एवढीच गोष्ट होती. भाऊजींच्या लोकांनी अर्धी पट्टी हलवलीच नाही, आणि न हललेल्या भागाला शोध म्हणून मगांवर छापलं.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. या ‘त्याचप्रमाणे’वर खुर्ची, या ‘त्याचप्रमाणे’वर झाडाची खिडकी!

मुंगी हसली नाही. “पण मामा, एवढ्याने भागत नाही. बाबा म्हणतील, दुसरीकडून सुरू केलेली पट्टीही शेवटी तिथेच येईल, सम लाटा आपोआप विरतील. त्या विरत नाहीत हे सिद्ध करायला पाहिजे.”

ते तिने केलं. पूर्ण हिवाळा त्यात गेला. पट्टी पुरेशी लांब असेल, तर सम लाटेचा कणभर अंश जरी असला तरी तो सरासरीने वाढतच जातो, हे तिने पक्कं बांधलं. म्हणजे एकाच पट्टीच्या दोन वेगळ्या सरासऱ्या, आणि कुठली मिळणार ते सुरुवातीवर अवलंबून. प्रमेय साफ आडवं. प्रबंध तिने त्यावरच लिहिला आणि सादर करून टाकला. होयबाने तो न वाचताच पुढे पाठवला असणार, नाहीतर त्याची पाचावर धारण तेव्हाच बसली असती. ती बसली बाहेरच्या परीक्षक बाईंचं पत्र आल्यावर. बाईंनी लिहिलं होतं, प्रबंध असाधारण आहे, व्हायवाला मी स्वतः येते.

आता अडचण अशी. मुंगीला दुसऱ्या एका संस्थेत जागा मिळाली होती, पण सत्र सुरू होण्याआधी पदवी हातात हवी, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि पदवीसाठी व्हायवानंतरच्या अहवालावर मार्गदर्शकाची सही लागते. होयबाने हात वर केले. “सरांना विचारून सांगतो,” म्हणाला. सरांनी त्याला सांगितलं, मी सांगेपर्यंत सही करू नकोस.

तेव्हा रविवारी दुपारी मुंगी मला घेऊन घरी गेली. ताईने चहा ठेवला. भाऊजी आरामखुर्चीत होते. मुंगीने तो विषम बेरजेचा कागद त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मी खुर्ची ओढून चांगला ऐसपैस बसलो. अशी करमणूक वारंवार होत नाही. इतकी वर्षं मी ज्या माणसाला मूर्ख समजत आलो, तो आपला मूर्खपणा आपल्याच लेकीच्या अक्षरात वाचणार होता.

भाऊजींनी कागद वाचला. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

“हे मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?” मुंगीने विचारलं.

“प्रमेय छापून झाल्यावर लगेच लक्षात आलं. तेव्हा तू लहान होतीस.”

माझा कप हातातच राहिला. म्हणजे हा मनुष्य मूर्ख नव्हता. ‘शून्य निष्पक्ष असतं’ हे वेड नव्हतं, ते झाकण होतं. कुणी दुसरीकडून सुरू करू नये म्हणून प्रोग्रॅमची पहिली ओळ यांनीच घातली होती, आणि पोरांच्या पिढ्या त्या झाकणावर बसून प्रबंध लिहीत होत्या. मी त्यांना उगाच कमी लेखत आलो होतो.

“मग तिला हा विषय का दिलात?” ताईने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

भाऊजी अगदी सहज म्हणाले, “सोपा होता म्हणून. मला वाटलं, हीसुद्धा शून्यापासूनच सुरू करेल. सगळेच करतात.”

मुंगीचे कान लाल झाले. थोबाडीत मारली असती तर बरं, असं तोंड झालं तिचं. ज्या बापाच्या मांडीवर बसून ती लाटा मोजायला शिकली, त्याने तिची किंमत केली होती ती अशी, विभागातल्या पोरांएवढी.

भाऊजींनी मग तोडगा सांगितला. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. प्रबंधात दुरुस्ती म्हणून दुसऱ्या लाटेलाही थोडासा धक्का घालायचा, अगदी नावापुरता. मग सम लाटाही हलतात, प्रमेय खरं ठरतं, दोन सरासऱ्यांचं प्रकरण गळून पडतं. होयबा सही करेल. “बाकीचं मी निवृत्त झाल्यावर सावकाश छाप,” ते म्हणाले. “कुठे पळून जातंय?”

“आणि नाही घातला धक्का तर?”

“तर सही राहील. घाई तुला आहे, मला नाही.”

मुंगीने कागद उचलला आणि बाहेर पडली. ताईने भाऊजींच्या हातातला चहा काढून घेतला, अर्धा प्यायलेला, आणि आत जाऊन ओतून दिला. त्यांनी रिकाम्या हाताकडे थोडा वेळ पाहिलं.

व्हायवाच्या दिवशी मोठं सभागृह भरलं. सरांची मुलगी म्हणून सरांचे सगळे जुने विद्यार्थी आले होते, मृत रेषेवर ज्यांचं दाणापाणी चालतं ते सगळे. भाऊजी पहिल्या रांगेत, नवा कोट. ताई माझ्याशेजारी मागे बसली; तिने पुढे जायचं नाकारलं. होयबा टेबलाशी, पुढ्यात अहवालाचा कागद आणि टोपण न काढलेलं पेन.

मुंगीने दुसऱ्या लाटेला धक्का घातला नव्हता. फळ्यावर तिने सगळं जसंच्या तसं मांडलं. विषम अधिक विषम अधिक विषम. मृत रेषा का दिसते, आणि कधी दिसत नाही. ती आवाज न चढवता बोलत होती, आणि सभागृहात एकेक मान वर होत होती. जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींना विनोद वाटला, ते हसत शेजाऱ्याकडे बघायला लागले. मग शेजारी हसत नाही असं पाहून गप्प झाले. होयबा फळ्याकडे बघतच राहिला.

परीक्षक बाई पिकल्या केसांच्या, बारीक आवाजाच्या होत्या. त्यांनी दोन-चार नेमके प्रश्न विचारले, मुंगीने उत्तरं दिली. मग त्यांनी शेवटचा, रिवाजाचा प्रश्न विचारला. “हे नवीन आहे? तुमच्या आधी कुणाला माहीत होतं का?”

मुंगीने खडू खाली ठेवला. “छापील कुठे नाही,” ती म्हणाली. “पण ज्यांचं प्रमेय आहे ते इथेच बसले आहेत. त्यांना आधी माहीत होतं की नाही, ते त्यांनीच सांगावं.”

आणि तिने बापाकडे पाहिलं.

वा! माझ्या मनात आलं. भाचीने काय पेच टाकला! भाऊजी ‘नाही’ म्हणाले, तर सगळ्या सभागृहासमोर ते शाळेतली बेरीज चुकलेले गृहस्थ ठरतात, आणि शोध पूर्णपणे लेकीच्या नावावर जातो. ‘हो’ म्हणाले, तर ते जाणूनबुजून सगळ्यांना फसवणारे ठरतात. मूर्ख की लबाड, घ्या निवडून. मी ताईचा हात दाबला.

“सर, तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

भाऊजी उठले. कोटाचं बटण लावलं. मागे वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि मला त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो अभिमान होता.

“अर्थात,” ते म्हणाले. “प्रमेय छापल्यानंतर काही दिवसांतच मी हे पाहिलं होतं. हिची सिद्धता जरा लांबली आहे. माझी बरीच आटोपशीर होती.”

मुंगीने मान खाली घातली.

“छापली का नाहीत?” बाई म्हणाल्या.

“त्या वेळी तेवढं महत्त्वाचं वाटलं नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग पुन्हा कधीच पाहिलं नाही. समितीकडे वळून त्या म्हणाल्या, “छापलेलं नाही, सांगितलेलं नाही, म्हणजे आपल्या लेखी ते नाही. काम या मुलीचं आहे. माझ्याकडून पदवी द्यावी अशी शिफारस.” बाकीच्या सदस्यांनी माना डोलवल्या. उरली ती मार्गदर्शकाची सही.

होयबाने हात वर केला. वर्गातल्या मुलासारखा, कोपरापासून सरळ. केस विरळ झालेला, नातवंडं व्हायच्या वयाचा माणूस.

“सर,” तो म्हणाला, “मी रेषेची रुंदी काढत होतो, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?”

“तुझ्या आधीपासून,” भाऊजी म्हणाले. ते अजून उभेच होते, कुणी अभिनंदन करतंय का याची वाट बघत.

“मी विचारलं होतं तुम्हाला. मध्यावर शून्यच का येतं म्हणून. तुमच्या खोलीत आलो होतो.”

“असेल.”

“तुम्ही म्हणालात, का ते सोड, मोजत राहा.” होयबाने पेन उचललं. “मी मोजत राहिलो, सर.”

भाऊजी म्हणाले, “अरे, पण तुझी रुंदी बरोबरच आली होती.” हे त्यांनी खरोखर समजूत काढायला म्हटलं असावं. होयबाने पेनाचं टोपण काढलं, अहवालावर सही केली, कागद बाईंच्या पुढे ठेवला आणि सरांकडे न बघता मधल्या वाटेने चालत बाहेर गेला. त्याच्यामागून मागच्या रांगेतले दोघे उठले. मग आणखी काही. खुर्च्या सरकल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले.

भाऊजी फळ्यापाशी गेले. मी तोवर पुढे आलो होतो म्हणून ऐकू आलं. ते मुंगीला म्हणाले, “लेख लिहिशील तेव्हा माझा उल्लेख शेवटी आभारात नको. मजकुरातच घे. आधी माहीत होतं म्हणून.”

“घेते, बाबा,” ती म्हणाली.

ते समाधानाने गेले.

सभागृह रिकामं झालं. मुंगी फळा पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. मी आनंदाने तिच्याजवळ गेलो. इतक्या वर्षांची माझी खाज आज तिने भागवली होती. “काय पकडलंस गं त्यांना!” मी म्हणालो. “इकडे आड तिकडे विहीर! असा पेच मला जन्मात सुचला नसता.”

ती वळली तेव्हा तिचं तोंड पूर्ण भिजलेलं होतं. तिने डस्टर धरलेला हात तोंडावर फिरवला आणि गालावर खडूचा पांढरा पट्टा उमटला.

“पकडायचं नव्हतं मामा मला,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, ते ‘नाही’ म्हणतील. खोटं बोलतील. माझ्यासाठी एकदा तरी.”

टोमणा मारायची सवय असलेल्या तोंडाला अशा वेळी काही येत नाही. ताई मागच्या रांगेतून सावकाश चालत आली, तिने लेकीच्या हातातलं डस्टर काढून ठेवलं, आपल्या पदराने तिचा गाल पुसला आणि म्हणाली, “चल. मीही येते तुझ्याबरोबर, नव्या गावाला.”

“कधी?” मुंगीने विचारलं.

“तू जाशील तेव्हाच,” ताई म्हणाली.